हातचा कुठे गेला?

दिवाळीआधी लेकीचा गणिताचा युनिट टेस्टचा पेपर घरी आला. वीसपैकी नऊ. आता नऊ म्हणजे काही जगबुडी नाही, मला मान्य आहे, पण आदल्या रात्री हीच मुलगी माझ्यासमोर डायनिंग टेबलवर बसून अपूर्णांकांची बेरीज वजाबाकी धडाधड करत होती, मी पुस्तकातून पुढचं गणित शोधेपर्यंत हिचं आधीचं करून तयार, आणि पेपरात बघते तर दोन गणितं कोरी सोडलेली, एकात लसावि बरोबर काढून पुढे साध्या बेरजेत हातचाच विसरलेला. माझ्या तोंडून गेलंच, "घरी सगळं येतं ना तुला, मग पेपरात काय होतं?"

आणि बोलून झाल्यावर जरा गप्पच बसले, कारण हे वाक्य माझं नव्हतंच. आमच्या बाबांचं होतं, शब्दन् शब्द.

बाबांची पद्धत म्हणजे जेवताना मध्येच पाढा विचारायचा. भाताचा घास हातात आणि तिकडून "सतरा नव्वे?" मला सतराचा पाढा येत होता हो, पाठ होता, आत्तासुद्धा झोपेतून उठवून विचारा. पण ते माझ्याकडे बघत थांबले की डोक्यात नुसती पांढरी भिंत. मग मी खालून सुरुवात करायची, सतरा एके सतरा, आणि ते म्हणायचे तसं नको, डायरेक्ट सांग. शेजारी आजी बसलेली, जिला पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे जुने पाढे सगळे यायचे आणि जी शाळेत चौथीपर्यंतच गेली होती, ती हळूच पुटपुटायची "एकशे त्रेपन्न", आणि मी ते ऐकून मोठ्याने म्हणायची. दहावीला बीजगणिताच्या पेपरात आजी नव्हती, मग जे व्हायचं ते झालं.

गंमत म्हणजे आज मी दिवसभर ऑफिसात एक्सेलमध्ये आकडेच बघते आणि बिल्डिंगच्या भिशीचा हिशोब सात वर्षं माझ्याकडे आहे, एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही. पण कोणी शेजारी उभं राहून "बघू, किती होतात" म्हटलं की मी कॅल्क्युलेटर काढते. चारशे अधिक दीडशेला पण.

तर त्या रात्री मोबाईलवर शोधायला बसले की हे नक्की काय असतं. पहिलं पानभर अबॅकस आणि वैदिक गणिताच्या क्लासच्या जाहिराती, ते ओलांडून पुढे गेल्यावर कळलं की याच्यावर चांगलं साठ-सत्तर वर्षं संशोधन चालू आहे. इंग्रजीत याला मॅथ अँग्झायटी म्हणतात, आपण गणिताची धास्ती म्हणू. १९७२ साली अमेरिकेत रिचर्डसन आणि सुइन या दोघांनी ती मोजायला एक प्रश्नावली केली, त्यात ९८ प्रश्न (इतके प्रश्न बघूनच मला धास्ती बसली असती), आणि त्यात नुसत्या परीक्षेबद्दल नाही तर रोजच्या गोष्टींबद्दलही विचारलेलं, म्हणजे तुम्ही आकड्यांची बेरीज करताना कोणी बघत असेल तर कसं वाटतं वगैरे. म्हणजे भिशीवाला माझा प्रॉब्लेम १९७२ मध्ये ऑलरेडी फॉर्मवर होता! आणि २०१२ च्या पिसा चाचणीत, जी वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची होते, त्यात ओईसीडी (बहुतेक श्रीमंत देशांची संघटना) देशांतल्या सरासरी ५९ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताचा तास आपल्याला जड जाईल अशी काळजी वाटत असते. भारत त्यात नव्हता. असता तर काय आकडा आला असता याचा विचार मी करत नाही.

पण मला हवं होतं ते उत्तर वेगळंच होतं. येत असलेलं जातं कुठे?

याचं मला पटलेलं उत्तर मार्क अ‍ॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांच्या २००१ च्या प्रयोगात सापडलं. त्यांनी लोकांना बेरजा दिल्या, काही बिनहातच्याच्या आणि काही हातच्याच्या, आणि बेरीज करता करता काही अक्षरं पण डोक्यात धरून ठेवायला सांगितली, कधी दोनच तर कधी सहा. बिनहातच्याच्या बेरजेत घाबरणारे आणि न घाबरणारे यांच्यात फार फरक नाही. पण हातचा आला आणि सहा अक्षरं पण सांभाळायची आली की घाबरणाऱ्यांच्या चुका एकदम वाढल्या. का, तर हातचा म्हणजे काय, पुढचं करेपर्यंत मागचं डोक्यात धरून ठेवणं. मानसशास्त्रात त्या जागेला वर्किंग मेमरी म्हणतात, आणि ती जागा फार म्हणजे फारच लहान असते.

मी हे स्वतःला असं समजावलं की वर्किंग मेमरी म्हणजे आमच्या जुन्या वन बीएचकेतला ओटा. कोठीत डाळ तांदूळ पोतंभर असेल, पण ओट्यावर एका वेळी परात, पोळपाट आणि एक पातेलं, बस. आता कोणी येऊन तिथे भाजीची पिशवी ठेवली, वर दुधाच्या पिशव्या ठेवल्या, तर पोळ्या लाटायच्या कुठे? लाटता येत नाही असं नाहीये, जागा नाहीये. "वेळ संपत आला", "बाजूचीने पुरवणी घेतली", "आई काय म्हणेल", ह्या सगळ्या त्या पिशव्या. आणि पहिलं काय घरंगळून खाली पडतं, तर हातचा.

म्हणजे कोठी रिकामी नाहीये. हे मला इतकं हलकं करून गेलं की सांगता येत नाही, पंचवीस-तीस वर्षांनी का होईना.

आता ह्याच्या पुढची गोष्ट जास्त भारी आहे. सीअन बायलॉक म्हणून एक संशोधक आहे, आता डार्टमथ कॉलेजची प्रेसिडेंट आहे पण तिचं नाव झालं ते दडपणाखाली माणूस कसा गडबडतो यावरच्या कामाने. तिने आणि थॉमस कार यांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला. गणितं कसली तर, ५१ आणि १९ दिले, सोबत ४ दिला, तर ५१ मधून १९ वजा करा आणि उरलेल्याला ४ ने पूर्ण भाग जातो का ते हो किंवा नाही सांगा. (३२, जातो. मी कागदावर केलं.) हेच का निवडलं तर बहुतेकांनी हा प्रकार पूर्वी केलेला नसतो, त्यामुळे पाठांतराचा फायदा नाही. आधी आरामात सोडवायला दिली. मग दडपण आणलं, आणि ते कसं आणलं बघा, चांगलं केलंत तर पैसे मिळतील, पण तुमचा एक जोडीदार आहे आणि त्याने त्याचं काम आधीच नीट करून ठेवलंय, तुम्ही चुकलात तर त्याचेही पैसे जाणार, शिवाय व्हिडिओ काढतोय आणि तो गणिताचे शिक्षक बघणार. अगदी आपल्या घरात बसून डिझाइन केल्यासारखं दडपण आहे हे.

मला वाटलं होतं कच्चे लोक कोसळतील. उलटंच झालं. ज्यांची वर्किंग मेमरी मोठी, म्हणजे एरवी जे पुढे असायचे, तेच घसरले, आणि अवघड गणितांत घसरून बाकीच्यांच्या लायनीत येऊन बसले. बाकीच्यांना दडपणाने काही विशेष फरक पडला नाही. कारण मोठ्या ओट्यावाले एरवी चार पातेली मांडून रीतसर स्वयंपाक करतात, त्यांची सगळी मदार त्या जागेवर, ती गेली की संपलं. लहान ओट्यावाले पहिल्यापासूनच अंदाज, शॉर्टकट, जुगाड यांवर चालवतात, त्यांचं काय जाणार? वर्गातली हुशार पोरगी बोर्डाच्या पेपरात हातपाय गाळते आणि मागच्या बाकावरचा निवांत पस्तीस काढून येतो, याला आपण नशीब म्हणतो. नुसतं नशीब नसावं.

इथे थोडं विषयांतर, कारण क्रिकेटशिवाय दडपणावर बोलणं म्हणजे मराठी माणसाचा फाऊल. बायलॉकचं आणखी एक काम गोल्फ आणि फुटबॉलवर आहे, आणि तिथे गंमत उलटी आहे. तरबेज फुटबॉलपटूला बॉल ड्रिबल करताना सांगितलं की पायाची कुठली बाजू बॉलला लागते त्याकडे लक्ष दे, तर तो हळू झाला, बिघडला, आणि दुसरीच कसलीतरी टेप ऐकत असताना मात्र छान खेळला. म्हणजे गणितात काळजी जागा खाते म्हणून घोटाळा, आणि हाताला सवय झालेल्या कामात नको तितकं लक्ष दिल्याने घोटाळा. आपलाच यूपीआय पिन दुकानात मागे रांग असताना "बरं, पहिला आकडा काय होता" असा विचार केला की जातो ना, तसं. १९९३ ची विम्बल्डन फायनल, याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४-१ पुढे होती आणि हरली, आणि बक्षीस समारंभात डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आणि क्रिकेटमधली १९९९ च्या वर्ल्ड कपची एजबॅस्टनची सेमीफायनल, क्लूसनर पळतोय, डोनाल्डची बॅट खाली पडलीये, मॅच टाय आणि दक्षिण आफ्रिका बाहेर. तेव्हापासून चोकर्स, म्हणजे ऐनवेळी कच खाणारे, हा शब्द आपल्याकडे रिक्षावाल्यालाही माहीत. डोनाल्डला धावता येत नव्हतं असं कोणी म्हणेल का? मग माझ्या लेकीला "तुला येत नाही" का म्हणायचं?

नोव्होत्ना १९९८ मध्ये विम्बल्डन जिंकली, हे आपलं सांगून ठेवते.

परत गणिताकडे. २०१२ मध्ये इयन लायन्स आणि बायलॉकने गणिताची खूप धास्ती असणाऱ्यांना एमआरआय मशीनमध्ये घालून गणितं सोडवायला लावली. प्रत्येक प्रश्नांच्या फेरीआधी स्क्रीनवर एक खूण यायची, आता गणित येणार किंवा आता शब्दांचं कोडं येणार. गणिताची खूण दिसली की या लोकांच्या मेंदूत इन्सुला म्हणून जो भाग आहे, ज्याचा शरीराच्या दुखण्याशी संबंध लावतात, तो जागा व्हायचा. आणि प्रत्यक्ष गणित करताना? नाही व्हायचा. दुखतं ते गणित नाही, गणित येणार आहे हे दुखतं. मला एकदम पेपरच्या आधीची ती पंधरा मिनिटं आठवली, वर्गाबाहेर सगळे शेवटचं शेवटचं वाचतायत, कोणीतरी "अगं तो प्रमेय केलास का, येणारच आहे" म्हणतंय, पोटात गोळा. घंटा झाल्यावर खरंच जरा बरं वाटायचं.

आता आपल्या मराठीबद्दल एक, जे मला बरेच दिवस बोलायचं होतं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टला साठ तीन, सत्त्याण्णवला नव्वद सात असं म्हणायची पद्धत आली तेव्हा केवढा दंगा झाला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर जोक, विधानसभेतही त्यावरून टोमणे. मी पण चार फॉरवर्ड केले होते, खोटं कशाला बोलू. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि त्यांचं म्हणणं साधं होतं की जोडाक्षरांनी भरलेली ही नावं आणि बोलताना आधी एकक मग दशक हा उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. जर्मनमध्ये पण असाच उलटा क्रम आहे, चोवीसला ते चार-आणि-वीस म्हणतात, आणि ऑस्ट्रियातल्या पहिली-दुसरीच्या वयाच्या मुलांवर अभ्यास झाला तर ऐकून आकडे लिहिताना झालेल्या जवळपास अर्ध्या चुका या उलटापालटीच्या होत्या. आमच्या कन्येनेही दुसरीत पंच्याहत्तर ऐकून ५७ लिहिलं होतं आणि मी म्हणाले होते, लक्ष कुठे असतं तुझं. लक्ष ठिकाणावरच होतं बिचारीचं, पाच आधी ऐकू आला, पाच आधी लिहिला. मला स्वतःला अजून साठ तीन ऐकायला आवडत नाही, त्रेसष्टच आवडतं, आजीच्या तोंडचं आहे ते. पण ओट्यावरची जागा तिथे पण जाते हे आता कळतं.

आणि मग तो भाग, जो वाचून मी मोबाईल उलटा ठेवला.

२०१० मध्ये बायलॉक, गंडरसन, रमिरेझ आणि लिव्हाइन यांनी अमेरिकेत पहिली-दुसरीच्या सतरा शिक्षिकांच्या वर्गांचा वर्षभराचा अभ्यास छापला. वर्षाच्या सुरुवातीला बाईंच्या धास्तीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध दिसला नाही. वर्षाच्या शेवटी, ज्या बाईंना स्वतःला गणिताची जास्त धास्ती त्यांच्या वर्गातल्या मुली, मुली हां, मुलगे नाही, मागे पडलेल्या दिसल्या, विशेषतः ज्या मुलींच्या डोक्यात "गणित मुलग्यांचं, वाचन मुलींचं" असं बसलं होतं त्या. सतराच बायका आहेत, त्यावरून जग ठरवू नये हे मला कळतं. आणि "मुलींना गणित येत नाही याची आठवण करून दिली की त्या लगेच कमी मार्क काढतात" हा जो दुसरा प्रसिद्ध सिद्धांत आहे, तो २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांवर शाळकरी मुलांवर तपासला तेव्हा तसा परिणाम दिसलाच नाही, त्यामुळे या विषयात छापलं ते सगळं ब्रह्मवाक्य समजू नका, मी पण समजत नाही.

पण २०१५ चा एरिन मलोनी आणि मंडळींचा अभ्यास आईबापांचा आहे. पहिली-दुसरीची मुलं. ज्या आईबापांना गणिताची धास्ती जास्त, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि वर्षाअखेर जास्त घाबरायला लागली. पण केव्हा? तर आईबाप मुलांना गणिताच्या गृहपाठात वारंवार मदत करत असतील तेव्हाच. जे घाबरट होते पण मदतीला फारसे बसत नव्हते, त्यांच्या मुलांना काही झालं नाही. वाचनावर याचा परिणाम नाही, फक्त गणित.

म्हणजे मी रोज रात्री कुकर लावून, सिरियल सोडून, पदर खोचून जी बसत होते ना, ती मदत. आता हा काही माझ्या घरी येऊन केलेला अभ्यास नाही, माझी मुलगी पहिलीत नाही सहावीत आहे, आणि कच्चेपणामुळे भीती येते की भीतीमुळे कच्चेपणा हे कोंबडी-अंड्यासारखं आहे, दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. तरी मला माझाच चेहरा दिसला, ती चुकते तेव्हाचा. मी ओरडत नाही, बाबांसारखी तर अजिबात नाही, असं मी सगळ्यांना सांगते. पण श्वास रोखून धरते. पेन्सिल घेते हातातून. "थांब, मी दाखवते" म्हणते आणि माझा आवाज एक पट्टी वर जातो.

नवऱ्याला म्हटलं उद्यापासून गणित तू घे. तो म्हणाला, मी कधीपासून म्हणतोय.

उपाय म्हणून दोन गोष्टी करून बघितल्या. एक, रमिरेझ आणि बायलॉकचा २०११ चा, सायन्स नियतकालिकात आलेला. परीक्षेच्या लगेच आधी दहा मिनिटं, जी काय भीती वाटतेय ती कागदावर लिहून काढायची, कोणाला दाखवायची नाही. नववीच्या मुलांवर खऱ्याखुऱ्या जीवशास्त्राच्या परीक्षेआधी करून बघितलं आणि जी मुलं एरवी फार घाबरायची त्यांना फायदा झाला. मला आधी वाटलं भीती लिहिली तर वाढेल की. पण ओट्यावरच्या पिशव्या उचलून खाली ठेवल्यासारखं असावं ते. दुसरं अ‍ॅलिसन वुड ब्रुक्सचं २०१४ चं, की घाबरल्यावर "शांत हो शांत हो" म्हणण्यापेक्षा "एक्साइटेड आहे" म्हणा, कारण छाती तर धडधडतच असते, ती बंद करण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं सोपं. हे दुसरं लेकीला सांगितलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दिला.

लिहायचं मात्र तिला आवडलं. पुढच्या टेस्टच्या दिवशी व्हॅनमध्ये बसून तिने पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहिलं. मार्क बारा आले, वीसपैकी, आता ते लिहिल्यामुळे की बाबाने शिकवल्यामुळे की पेपर सोपा होता देव जाणे. रविवारी युनिफॉर्म मशीनला टाकताना खिशात तो कागद सापडला. वाचायचा नाही असं ठरलं होतं. मी वाचला.

तीनच ओळी होत्या. पहिली, दशांश चिन्ह चुकेल. दुसरी, वेळ पुरणार नाही. तिसरी, घरी गेल्यावर आई दारातच विचारेल.

अपूर्णांक नाही, लसावि नाही. सगळ्यात मोठी पिशवी मीच ठेवलेली होती ओट्यावर.

मी कागद घडी करून परत तिच्या कंपासपेटीत ठेवून दिला, सांगितलं काही नाही. परवा सहामाहीचा गणिताचा पेपर होता. व्हॅनचा हॉर्न वाजला, मी दार उघडलं, ती बूट काढत खालीच बघत होती. जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या, खरंच सांगते.

"डबा खाल्लास?"

तिने वर बघितलं. "भेंडी होती आई."

"मग?"

"सानिकाच्या डब्यातली पावभाजी खाल्ली," म्हणाली, आणि दप्तर सोफ्यावर टाकून टीव्हीचा रिमोट शोधायला लागली.